कुलपातले चष्मे

आमच्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) रसायनशास्त्र प्रयोगशाळेच्या पानावर ‘सुरक्षा चष्मे, पारदर्शक, नग २४’ अशी एक नोंद आहे आणि तिच्यापुढे दर वर्षी मार्चअखेरीस ‘पडताळणी केली, सुस्थितीत’ असा शेरा लिहून कोणी ना कोणी सही केलेली आहे. त्यांतल्या सहा सह्या माझ्या आहेत. सातव्या वर्षी त्या चष्म्यांची खरोखरच गरज पडली, तेव्हा ते कपाटात होते, कपाटाला कुलूप होते, कुलपाची किल्ली शिपाईमामांच्या खिशात होती आणि मामा मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयात गेले होते. नंतर कपाट उघडले तेव्हा चोवीसही चष्मे दुकानातून आले तसे, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड लावलेले निघाले. नोंदवहीतला ‘सुस्थितीत’ हा शब्द अक्षरशः खरा होता.

मी मध्य मुंबईतल्या एका शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्या दिवशी अकरावीचे सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे क्षारात कोणते मूलक आहेत ते ओळखणे, चालू होते. अमोनियम मूलकाची चाचणी तशी अगदी साधी आहे: परीक्षानळीत थोडा क्षार घ्यायचा, त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे कॉस्टिक सोड्याचे, द्रावण घालायचे, नळी मंद आचेवर धरायची आणि बाहेर पडणारा अमोनिया ओल्या तांबड्या लिटमसने ओळखायचा. पण द्रावण तळाशी एकाच जागी तापत राहिले, तर तिथली वाफ एकाएकी उसळी मारते आणि वरचे सगळे द्रव पिचकारीसारखे बाहेर उडते. म्हणूनच नळी सतत हलवत राहा आणि तिचे तोंड स्वतःकडे धरू नका, असे मी पहिल्याच तासाला सांगते. त्या मुलीने माझे सांगणे तंतोतंत पाळले होते. नळीचे तोंड तिच्याकडे नव्हतेच. ते टेबलाच्या पलीकडे बसून जर्नल लिहिणाऱ्या तिच्या मैत्रिणीकडे होते.

मैत्रिणीने किंकाळी फोडली, डोळा गच्च मिटला आणि हाताच्या मुठीने चोळायला सुरुवात केली. मी हाताशी होती ती वॉश बॉटल उचलली आणि ती रिकामी होईपर्यंत डोळ्यावर पिळली. खरे तर ते पाणी डोळ्यात जातच नव्हते, कारण पापण्या मिटलेल्याच होत्या. मग तिला बेसिनपाशी नेले. आमच्या बेसिनचे नळ बगळ्याच्या मानेसारखे उंच आणि तोंडाशी निमुळते आहेत, त्यामुळे त्यांची धार बोचरी असते. ती डोळ्यावर धरवेना, म्हणून बादली भरून मगाने पाणी ओतले. एका मुलीने डोके धरले, मी पापण्या बोटांनी उघडल्या. सहा-सात मिनिटे झाली असतील, तोच कोणीतरी ‘बाई, टॅक्सी आली’ म्हणून ओरडले आणि आम्ही धुणे थांबवून निघालो. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘काय उडाले?’ हा, आणि लगेच दुसरा, ‘किती वेळ धुतले?’ माझे उत्तर ऐकून त्यांनी काही बोलून दाखवले नाही. मुलीला आडवे करून सलाइनने पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतले. मुलीचा डोळा वाचला, काही आठवडे काळा चष्मा लागला, पुढे तिची दृष्टी पूर्ववत झाली. तिच्या आईने मला एका शब्दाने दुखावले नाही, याचे ओझे मात्र अजून उतरलेले नाही.

त्या डॉक्टरांचा दुसरा प्रश्न का महत्त्वाचा होता, हे रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला तरी दुसऱ्याने सांगायला नको होते. आम्लाची आपल्याला पिढीजात भीती असते आणि कॉस्टिक सोडा म्हणजे साबणाच्या कारखान्यातली वस्तू, असे आपण समजतो. डोळ्याच्या बाबतीत परिस्थिती बहुधा उलटी असते. आम्ल लागल्यावर पृष्ठभागावरची प्रथिने साकळतात आणि त्यांचाच एक थर होऊन आम्लाला आत शिरायला काही प्रमाणात अडथळा होतो. कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली मात्र पेशींच्या आवरणातल्या मेदाचे अक्षरशः साबण करत पुढे सरकते आणि वरून काही दिसत नसतानाही आत जात राहते. म्हणून पहिल्या काही सेकंदांत पाणी लागले पाहिजे आणि नंतरही बराच वेळ लागत राहिले पाहिजे. आमच्या भिंतीवर एक जुना तक्ता होता, त्यात आम्ल उडाले तर खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि अल्कली उडाली तर बोरिक ॲसिड, असा उपचार छापलेला होता आणि त्या दोन बाटल्याही फळीवर होत्या. आम्ल आणि अल्कली एकत्र आल्यावर होणाऱ्या उदासिनीकरणाची उष्णता डोळ्यात निर्माण करण्याची आणि बाटली शोधण्यात वेळ घालवण्याची ती कल्पना आता मला भयंकर वाटते. तो तक्ता मी त्याच आठवड्यात उतरवला. डोळ्यासाठी पाणी, भरपूर पाणी, आणि दुसरे काहीही नाही.

भरपूर म्हणजे किती, याचा हिशेब मी नंतर फळ्यावर करून दाखवू लागले. डोळे धुण्याच्या उपकरणांसाठी जे अमेरिकी मानक जगभर प्रमाण मानले जाते, त्यानुसार मिनिटाला किमान दीड लिटर पाणी सलग १५ मिनिटे वाहिले पाहिजे आणि अपघाताच्या जागेपासून तिथवर साधारण १० सेकंदांत पोहोचता आले पाहिजे. म्हणजे साडेबावीस लिटर पाणी झाले, एक मोठी बादली काठोकाठ भरून वर थोडे. आमची वॉश बॉटल ५०० मिलिलिटरची होती; या गतीने ती वीस सेकंदांत संपते. प्रयोगशाळेत ‘आयवॉश’ असे लेबल लावलेली एक बाटली टांगून ठेवली की काम झाले असे मानणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत, आणि आमचीही त्यांतलीच एक होती. बाटलीचा उपयोग नळापर्यंत जाईपर्यंतच्या वाटेवर आहे.

त्यात आपल्या मुंबईचे पाणी. महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येते, इमारतीच्या टाकीत चढते आणि मग दिवसभर पुरवून वापरले जाते. तलावांची पातळी खाली गेली की कपात जाहीर होते आणि दुपारी तीनच्या बॅचला नळ सुस्कारे टाकू लागतात. मे महिन्याच्या सुट्टीतल्या वर्गांना तर गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते, आणि त्या मानकाप्रमाणे डोळे धुण्याचे पाणी ३८ अंश सेल्सिअसपेक्षा गरम असता कामा नये. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रयोगशाळेच्या आतल्या बाजूला झाकणाची एक वेगळी टाकी बसवून तिच्या नळाला दोन तोंडांची, वरच्या दिशेने मऊ फवारा सोडणारी जोडणी लावून घेतली. आणि प्रत्येक सोमवारी पहिल्या तासाआधी तो नळ तीन मिनिटे वाहता ठेवायचा, असा नियम केला, कारण आठवडाभर पाइपात साचून राहिलेले गंजाचे पाणी जखमी डोळ्यात सोडणे हा दुसरा अपघात ठरेल. ती तीन मिनिटे वाहिलेले पाणी मामा बादलीत धरतात आणि कुंड्यांना घालतात. पाणी वाया जाते अशी तक्रार पहिल्या महिन्यात आली होती, ती कुंड्यांमुळे मिटली.

धुण्याची कृती मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यावी लागते, नुसती सांगून भागत नाही. दुखणारा डोळा माणूस आपणहून उघडत नाही. अंगठा आणि तर्जनी यांनी दोन्ही पापण्या ओढून धराव्या लागतात, बुबुळ वर-खाली-डावी-उजवीकडे फिरवायला सांगावे लागते आणि एकाच डोळ्याला लागले असेल तर पाणी नाकाकडून कानाकडे वाहील असे डोके कलते करावे लागते, नाहीतर चांगल्या डोळ्यातही तेच पाणी उतरते. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती धुता धुताच काढायची, ती निघण्याची वाट पाहत थांबायचे नाही. डोळे बांधलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या टेबलापासून नळापर्यंत जोडीदाराने किती सेकंदांत नेले, हे आम्ही दर जूनमध्ये घड्याळ लावून मोजतो. पहिल्या वर्षी कोपऱ्यातल्या टेबलावरून यायला २६ सेकंद लागले होते, कारण वाटेत दप्तरांचा ढीग होता. तेव्हापासून दप्तरे बाहेरच्या व्हरांड्यात राहतात.

आता चष्म्यांविषयी. कुलूप काढून टाकल्यावर माझा असा समज झाला होता की प्रश्न सुटला. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की मुले चष्मा घेतात आणि कपाळावर चढवतात. कारण विचारले तर एकच उत्तर: ‘बाई, काही दिसतच नाही.’ मी स्वतः एक चष्मा लावून संपूर्ण तास उभी राहिले आणि त्यांचे म्हणणे पटले. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या हवेत इतकी आर्द्रता असते की चेहऱ्याच्या उबेने काचेवर दोन मिनिटांत धुके साचते. नियम न पाळणाऱ्या मुलांना बेशिस्त म्हणणे सोपे असते. त्यांना दिलेले साधन वापरण्याजोगे आहे का, हे तपासण्याचा कंटाळा आपणच केलेला असतो. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब काचेच्या आतल्या बाजूला लावून मऊ सुती फडक्याने पुसून टाकला, तर धुके बरेच कमी होते. तरीही साचलेच, तर टेबलापासून चार पावले मागे यायचे, भिंतीपाशी जाऊन चष्मा काढायचा, पुसायचा, लावायचा आणि मगच परतायचे. उकळत्या नळीशेजारी उभे राहून चष्मा वर सरकवणे यासारखा धोका नाही, कारण त्या क्षणी हातही चेहऱ्याकडे गेलेला असतो.

दुसरी गोष्ट चष्म्याच्या जातीची. आमचे ते चोवीस नग कोणीतरी स्वस्तात आणलेले होते आणि त्यांच्या कडांना सरळ भोके होती. तसला चष्मा सुताराला किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्याला उडत्या कणांपासून वाचवतो. द्रवाचा शिंतोडा मात्र त्या भोकांतून थेट आत जाऊ शकतो. रसायनांसाठी झाकलेल्या, वळणाच्या वाटेने हवा खेळवणारा आणि चेहऱ्याला चोहोबाजूंनी टेकणारा चष्मा लागतो, आणि नंबरचा चष्मा असलेल्यांसाठी त्याच्यावरून बसेल एवढा खोल. नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे, हे दर वर्षी नव्याने सांगावे लागते. काचेची भांडी आम्ही प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणतो, पण चष्म्यांसाठी मी नागदेवी स्ट्रीटला गेले, जिथे कारखान्यांना लागणाऱ्या सुरक्षा साहित्याची दुकाने एकाला एक लागून आहेत. डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हे भारतीय मानक आहे, एवढे पाठ करून गेले होते. तो क्रमांक उच्चारल्यावर दुकानदाराने समोरचा ढीग बाजूला सारला आणि आतून दुसरा खोका काढला, यावरून काय समजायचे ते मी समजले.

हा फरक मुलांच्या गळी उतरवण्यासाठी आम्ही एक प्रयोग करतो आणि तो आता आमच्या प्रयोगशाळेत वर्षारंभीचा सोहळा झाला आहे. कोपऱ्यावरच्या नारळवाल्याकडून माणसाच्या डोक्याएवढी तीन शहाळी आणायची. प्रत्येकावर डोळ्यांच्या जागी ओल्या तांबड्या लिटमसचे दोन तुकडे चिकटवायचे. पहिल्या शहाळ्याला नंबरचा जुना चष्मा, दुसऱ्याला भोकांचा, तिसऱ्याला शिंतोड्यांसाठीचा खरा चष्मा लावायचा आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी फवारणीच्या बाटलीने समोरून, वरून आणि बाजूने उडवायचे. पहिल्याचे डोळे जवळजवळ लगेच निळे होतात. दुसऱ्याच्या काचेवर काहीच दिसत नाही, म्हणून मुले तो पास झाला असे ओरडतात, आणि चष्मा काढल्यावर लिटमसवर निळे ठिपके निघतात, तेव्हा वर्ग गप्प होतो. तिसऱ्याचे डोळे तांबडेच राहतात, अट एवढीच की पट्टा नीट आवळलेला हवा. एकदा पट्टा ढिला राहिला आणि वरच्या फटीतून ओघळ आत गेला, तो मी मुद्दाम सगळ्यांना दाखवला. शहाळ्यांचे पाणी नंतर कोणीही पीत नाही, असा लेखी नियम आम्हाला करावा लागला आहे, यावरून प्रयोगाची लोकप्रियता कळावी.

चष्मा केव्हा काढायचा, यावरही माझे मत त्या अपघाताने बदलले. ज्याचा प्रयोग चालू आहे त्याने लावायचा, ही पद्धत चुकीची आहे. खोलीत एकाही टेबलावर काही तापत, उकळत किंवा ओतले जात असेल, तोपर्यंत जर्नल लिहिणाऱ्याने, भांडी विसळणाऱ्याने, दारातून निरोप घेऊन आलेल्या शिपायाने आणि शिक्षकानेही चष्मा लावलेला असला पाहिजे. दारालाच पाहुण्यांसाठी दोन जादा चष्मे टांगलेले आहेत. एका तपासणीच्या वेळी आलेल्या वरिष्ठांना मी ते पुढे केले, तेव्हा ते क्षणभर घुटमळले; पण मागे चाळीस मुली चष्मे लावून त्यांच्याकडे पाहत होत्या, त्यामुळे त्यांनी मुकाट्याने लावला.

बर्नर पेटवताना मी कधी कधी मुलींना सांगते की ज्यांच्या नावाने आपण हे यंत्र ओळखतो, त्या रॉबर्ट बुन्सेन यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी प्रयोगशाळेतच गेली. तरुणपणी ते आर्सेनिकच्या अत्यंत विषारी संयुगांवर काम करत होते आणि कॅकोडिल सायनाइडचा स्फोट होऊन काच डोळ्यात घुसली. बर्नर त्यानंतरचा, जर्मनीतल्या हायडेलबर्गचा, १८५५ च्या सुमारास पीटर डेसागा या कारागिराने घडवलेला. मुलींना ही गोष्ट आवडते, कारण पाठ्यपुस्तकातल्या माणसालाही काही होऊ शकते हे त्यांना नवीन असते. मॅग्नेशियमची फीत जाळताना मात्र आमचा हा पारदर्शक चष्मा पुरेसा नाही. तो लखलखाट थेट पाहायचाच नसतो, नजर बाजूला वळवायची असते.

एकच चष्मा बॅचमागून बॅच वापरला जातो, तेव्हा आणखी एक प्रश्न येतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती, तेव्हा पालकांनी प्रयोगशाळेतले सामाईक चष्मे बंद करा असा आग्रह धरला आणि तो चुकीचा नव्हता. आम्ही चष्मे बंद केले नाहीत, डोळे आलेल्यांना प्रयोग बंद केले. प्रत्येक बॅचनंतर साबणाच्या पाण्यात बुडवून, नळाखाली धुऊन, चष्मे दोरीवर वाळत घालण्याची पाळी मुलांकडे आली, ती अजून आहे. कोरड्या कागदाने किंवा ओढणीच्या टोकाने पुसल्यास चष्म्याच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांच्या चष्म्यातून पाहणे धुक्यातून पाहण्यापेक्षा वेगळे नसते. ॲसिटोनने तर ते कधीच पुसू नयेत. त्याने पॉलिकार्बोनेट पांढरे पडते आणि तडकते.

ॲप्रनविषयी बोलायचे तर बाजारात शाळांसाठी म्हणून जो मिळतो, तो बहुतेक टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचा असतो, कारण त्याला इस्त्री लागत नाही आणि तो पावसाळ्यात लवकर वाळतो. पालकांच्या दृष्टीने हे दोन्ही मोठे गुण आहेत. पण सुती धागा चिमट्यात धरून ज्योतीवर नेला तर त्याची राख होते, आणि पॉलिएस्टरचा धागा नेला तर तो आक्रसून वितळतो आणि त्याचा जळता थेंब खाली पडतो. तोच थेंब कातडीवर चिकटला तर काय होईल, हे सांगावे लागत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेट घेणारे एक द्रव सिरिंजने काढत असताना सिरिंजचा दट्ट्या निसटला. तिने ॲप्रन घातलेला नव्हता, अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता आणि तो पेटला. अठरा दिवसांनी ती गेली. त्या खोलीत आपत्कालीन शॉवर होता, पण त्या गोंधळात कोणी तिला त्याखाली नेले नाही. शाळेत आपण असली रसायने वापरत नाही हे खरे आहे, पण स्पिरिटचा दिवा आणि टेरिकॉटचा ॲप्रन ही जोडी आपल्याकडे रोज एकत्र येते. आम्ही आता सुती, लांब बाह्यांचा आणि टिचबटणांचा ॲप्रन मागवतो. टिचबटणे अशासाठी की एका हिसक्यात तो अंगावेगळा करता यावा. तो घालून कोणी कँटीनला जात नाही. वेणी आत, ओढणी काढून दप्तरात, हे ओघाने आलेच.

पावसाळ्यात आणखी एक मुंबई-विशेष अडचण असते. रुळांवर पाणी, गुडघाभर रस्ते, त्यामुळे शाळेनेच बुटांऐवजी प्लास्टिकच्या सँडल घालायला परवानगी दिलेली असते, आणि उघड्या पावलांवर संहत आम्लाचा थेंब पडण्याइतकी सोपी दुखापत नाही. घरून दुसरे बूट आणा म्हणणे बहुतेकांना परवडणारे नसते. त्यामुळे अशा दिवसांत मी संहत आम्लाचे आणि तापवण्याचे प्रयोग फळ्यावरून पुसते आणि विरल द्रावणांचे अनुमापन (टायट्रेशन) काढते. वेळापत्रकापेक्षा पावले महत्त्वाची.

हातमोज्यांबद्दल माझे मत काहीसे प्रतिकूल आहे. पातळ नायट्राइलचे हातमोजे घातले की मुलांना आपण चिलखत घातल्यासारखे वाटते, मग त्याच हाताने दाराची कडी, पेन, मोबाइल आणि स्वतःचे नाकही हाताळले जाते. ॲसिटोनसारखे द्रावक त्यांतून अल्पावधीत आरपार जाते आणि ज्योतीजवळ ते वितळून बोटांना चिकटतात. संहत आम्ल ओतताना, डाग पाडणारे सिल्व्हर नायट्रेट हाताळताना ते जरूर घालावेत, आणि काम झाले की मनगटाकडून उलटे सोलून, बाहेरची बाजू आत जाईल असे काढून टाकावेत. तापवण्याच्या प्रयोगात हातमोजा नको, चिमटा हवा.

आगीच्या साधनांची अवस्था आमच्याकडे चष्म्यांपेक्षाही वाईट होती. लाल बादल्यांचा तळ गोल असतो, तो त्यांचा कोणी दुसऱ्या कामासाठी उपयोग करू नये म्हणून. पण त्या कचऱ्यासाठी वापरायला गोल तळ आड येत नाही. आमच्या वाळूच्या बादलीतून पेन्सिलींचे तासकाम, चॉकलेटचे कागद आणि एक कंपासपेटी निघाली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की खिडकीशेजारी असल्यामुळे ती वाळू जुलैत ओली होती. प्रयोगशाळेतली वाळू मुख्यतः सोडियम, मॅग्नेशियम अशा धातूंच्या आगीसाठी असते आणि ओली वाळू त्यांच्यावर टाकणे म्हणजे आगीला पाणी देऊन हायड्रोजन काढणे. आता वाळू उन्हाळ्यात गच्चीवर वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवली जाते. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामकही या आगीवर चालत नाही. मॅग्नेशियम त्या वायूतही जळते, हे आम्ही वर्गात शिकवतो आणि तरीही त्याच टेबलावर तेच नळकांडे ठेवतो. ते स्पिरिटच्या किंवा विजेच्या आगीला उत्तम, मात्र सोडताना त्याचा कर्णा हातात धरू नये, कारण बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो.

२००६ च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतल्या अग्निसुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. ते आमच्याकडे नियमित असते. पण पिन कोणी कधी ओढलेली नव्हती. आता पावडरच्या ज्या नळकांड्याचे पुनर्भरण जवळ आले असेल, ते तसेच परत न पाठवता मैदानात नेतो आणि त्याच्यावर मुलांचा सराव घेतो: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, झाडूसारखी डावी-उजवीकडे फिरवा. पावडर काही सेकंदांतच संपते, हे पाहून सगळे चकित होतात. हा सराव आम्ही १४ एप्रिलपासूनच्या अग्निशमन सप्ताहात ठेवण्याचा प्रयत्न केला, कारण तो सप्ताहच मुळी आपल्या शहराचा आहे; १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. परीक्षांमुळे ती तारीख जमली नाही, म्हणून आता सराव ऑगस्टमध्ये होतो. कपडे पेटले तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे, हे शिकवताना मैदानातला चिखल उपयोगी पडतो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. पिपेट तोंडाने ओढत शिकलेल्या पिढीतली मी आहे आणि विरल कॉस्टिक सोड्याची बुळबुळीत चव मला अजून आठवते. आता रबरी फुग्याशिवाय पिपेट मिळत नाही. सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करण्याचे किपचे उपकरण एक्झॉस्ट पंख्याखाली असते, आणि वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नये, कारण प्रमाण वाढले की तो वायू नाकालाच बधिर करतो. स्पिरिटचा दिवा गरम असताना भरायचा नाही आणि फुंकून विझवायचा नाही, टोपण घालायचे.

चष्म्यांचे कपाट आता नाही. त्या भिंतीवर खुंट्यांच्या चार ओळी आहेत, प्रत्येक खुंटीखाली हजेरी क्रमांक आहे आणि रिकामी खुंटी दारातूनच दिसते. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तीन खुंट्या रिकाम्या होत्या. चौकशी केल्यावर चष्मे परत आले, त्यांच्या पट्ट्यांत गुलाल अडकलेला होता. या मार्चमध्ये पडताळणीच्या वेळी मी नोंदवहीत ‘ओरखडे पडल्यामुळे निरुपयोगी, नग ७, निर्लेखित करण्यास मान्यता मिळावी’ असे लिहिले. सुस्थितीतले चष्मे एकदम सात कसे खराब झाले, असे मुख्याध्यापकांनी विचारले. वापरून, असे मी सांगितले. त्यांनी सही केली आणि नवीन सातांचे दरपत्रक मागवायला सांगितले.